एक टकटक म्हणजे हो

माझा मामा लिफ्टवाला. लिफ्ट चालवणारा नव्हे, लिफ्ट बरी करणारा. चौतीस वर्षं त्याने लोकांना वर पोचवलं आणि स्वतः राहायला घर घेतलं ते तळमजल्यावर. आई यावरून त्याला अजून छेडते. त्याचं उत्तर ठरलेलं, "ज्याला लिफ्टच्या पोटातलं माहीत असतं ना, तो जिन्यानंच जातो."

लिफ्टच्या खोलीतून खटखट करणारे जुने रिले गेले आणि तिथे इलेक्ट्रॉनिक कार्डं आली, तेव्हा मामा पन्नाशीला टेकला होता. त्याच्या बरोबरीच्यांनी सरळ हात वर केले. मामा मात्र मुलीच्या वयाच्या इंजिनिअरपुढे वही घेऊन बसला आणि शिकला. कार्डाचा स्वभाव कळल्यावर कॉम्प्युटरचाही कळायला लागला. त्यामुळे आता निवृत्तीनंतर ओळखीपाळखीत कुणाचाही कॉम्प्युटर रुसला की मामाला फोन जातो. तो एक कापडी पिशवी घेऊन येतो. तिच्यात चार स्क्रू-ड्रायव्हर, धूळ झटकायला रंगाऱ्याचा ब्रश, मेमरीची पट्टी पुसायला शाळेतलं खोडरबर आणि एक टॉर्च. टॉर्च तो दातात धरतो. त्यामुळे ऐन मोक्याच्या क्षणी तो काय म्हणतोय ते कुणालाच कळत नाही.

मामाच्या कामाच्या दोन रीती आहेत आणि पुढच्या हकिकतीत दोन्ही येतात, म्हणून आधी सांगून ठेवते.

पहिली वहीची. प्रत्येक लिफ्टच्या खोलीत खिळ्याला दोरीने एक वही टांगलेली असते. यंत्राला ज्याने हात लावला त्याने लिहायचं: तारीख, वेळ, काय केलं. "कारण लिहू नका, माफी लिहू नका," मामा सांगायचा, "यंत्राला दोन्हीचा उपयोग नाही."

दुसरी रीत माणसांची. लिफ्ट अडकली की बाकीचे मेकॅनिक आधी वर मशीनच्या खोलीकडे धावत. मामा आधी अडकलेल्या माणसाकडे जायचा. बंद दाराबाहेर जमिनीवर बसायचा आणि बोलायचा. एकदा एक बाई चौथ्या-पाचव्या मजल्यामध्ये अडकल्या. पंख्याच्या घरघरीत त्यांचा आवाज बाहेर येईना, पण त्यांना मामाचा ऐकू जात होता. मामाने सांगितलं, एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. मग विचारलं, श्वास नीट येतोय का? एक. भीती वाटतेय का? दोन. खोटं बोलताय का? जरा उशिराने, एक. त्या बाई बाहेर आल्या त्या हसत हसत.

बाबांचं आणि मामाचं जमायचं ते दोघेही बोलके म्हणून. बाबा बस डेपोत चौकशीच्या खिडकीवर अठ्ठावीस वर्षं होते. कुठली गाडी, किती वाजता, कुठल्या फलाटावरून, सगळं तोंडपाठ. समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार. मामा आमच्या घरी आला की दारातूनच ओरडायचा, "चौकशी! पुढची गाडी किती वाजता?" आणि बाबा जागेवरून न उठता जी सुचेल ती वेळ ठोकून द्यायचे. मामा विचारायचा, "वेळेवर आहे का?" बाबा म्हणायचे, "ते ड्रायव्हरला विचारा." एवढं झाल्याशिवाय मामा चपला काढत नसे.

गेल्या वर्षी बाबांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. जीव वाचला, पायही सावरला. उजवा हात मात्र सैल राहिला, आणि शब्द गेले. कळायचं सगळं. पण पाणी मागायचं असलं की तोंडातून खिडकी यायची. आणि आपण खिडकी म्हणालो हे त्यांना त्याच क्षणी कळायचं. पहिले काही महिने त्यांनी झटापट केली. नंतर बोलणंच सोडलं. मामाने दारातली आरोळी बंद केली. तो आता गुपचूप चपला काढून आत यायला लागला. ते जास्त वाईट होतं.

हॉस्पिटलमध्ये बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. आम्ही त्यांना उच्चारबाई म्हणायचो. त्यांनी कॉम्प्युटरवर धडे घालून दिले. पडद्यावर कपाचं चित्र येतं, आवाज म्हणतो 'कप', आपण म्हणायचं 'कप'. धडा पूर्ण झाला की आपला आवाज साठवला जातो आणि तक्त्यावर त्या दिवसापुढे एक खूण उमटते. कानाला लावायचा, तोंडापुढे माइक असलेला एक हेडफोनही त्यांनी दिला होता. आईने तो खोक्यासकट खणात ठेवून दिला, कारण तिला शेजारी बसून ऐकायचं होतं.

इथे आईचं काम सांगायला हवं. आई घरी बसून पुस्तकांच्या सूच्या करते. जाडजूड पुस्तकाच्या शेवटी कुठला शब्द कुठल्या पानावर आहे याची जी यादी असते, ती. शब्द जागच्या जागी नसला की तिचा जीव वरखाली होतो. त्यामुळे बाबा 'कप'ला 'खप' म्हणाले की ती अगदी मायेने म्हणायची, "ख नाही हो, क. क." पाचव्या दिवशी बाबांनी खुर्ची फिरवली आणि पाठ करून बसले. त्यानंतर ते तिच्यासमोर धड्याला बसले नाहीत.

महिना संपला, एकही धडा पुरा झाला नव्हता, तक्ता कोरा गेला. उच्चारबाई रागावल्या नाहीत, पण स्पष्ट बोलल्या. पहिल्या वर्षात जे परत येतं ते नंतर येणं अवघड, आणि त्यांच्याकडे रांग मोठी होती. दीड महिन्याने पुन्हा या. तेव्हाही तक्ता कोराच असेल तर ही वेळ दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल.

त्याच सुमाराला कॉम्प्युटर बिघडला.

आई दुपारी काम तसंच उघडं ठेवून त्याला स्लीपवर टाकायची, म्हणजे तिच्या भाषेत झोपवायची. बंद करून पुन्हा चालू करायला त्याला सात मिनिटं लागत आणि तेवढा धीर तिला नव्हता. सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी ती शाळेच्या लायब्ररीत मदतीला जायची. परत येऊन कळ दाबावी तर उघडं ठेवलेलं सगळं गायब. पडद्यावर एकच ओळ, की कॉम्प्युटर अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाला. एका शुक्रवारी तर 'प'पासून सुरू होणारे सगळे शब्द गेले. आईने मामाला फोन लावला.

"दादा, झोपेतून उठवला की मरतो हा. आज माझा 'प' गेला."

"सेव्ह का करत नाहीस, छोटे?"

छोटी म्हणजे आई. साठीची आहे.

"दोन-तीन तासांत परत यायचं असतं मला. तू दाराला कुलूप घालून भाजीला जातोस का?"

"हो."

"तू जातोस. तुझं सोड."

मग तिचा आवाज खाली आला. तिने त्याला उच्चारबाईंचं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "एवढं यंत्र दुरुस्त करून दे. म्हणजे निदान यंत्र चालत नाही ही सबब तरी उरणार नाही. माणसाचं मग मी बघते."

मामा दुसऱ्या दिवशी आला. यंत्राचा डबा लगेच उघडायचा नाही, आधी त्याच्याबरोबर दोन फेऱ्या मारायच्या, ही लिफ्टची सवय. त्याने कॉम्प्युटर झोपवला, उठवला. झोपवला, उठवला. वीस वेळा. प्रत्येक वेळी तो शहाण्यासारखा उठला. आई वैतागली. तिचं म्हणणं, हा तुझ्यासमोर नाटक करतोय. मामा म्हणाला, सगळीच करतात, मेकॅनिक दिसला की लिफ्टसुद्धा सुतासारखी सरळ होते.

पुढच्या आठ दिवसांत त्याने एकेक करून सगळं पाहिलं. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने पुसल्या. आतला सेल बदलला. पडद्याचं चित्र सांभाळणारा प्रोग्रॅम नवा घातला. पॉवर सप्लायचा डबा ओळखीच्याकडून आणून लावून पाहिला. बाबा खिडकीपाशी बसून हे सगळं बघत. मामाने टॉर्च मागितला की तो डाव्या हाताने पुढे करत. कामापुरते ते मामाच्या जवळ यायचे, पण कीबोर्डला हात लावत नसत. आईने एकदा म्हटलंही, "अहो, ती एक कळ दाबा ना," तर त्यांनी हात मागे घेतला.

सोमवारी कॉम्प्युटर परत मेला.

तेव्हा मामाने वही आणली. टेबलाच्या बाजूला खिळा ठोकला, दोरीने वही टांगली, आणि सुताराची चपटी जाड पेन्सिल दुसऱ्या दोरीला बांधली. जो हात लावेल तो लिहील. झोपवला तरी, उठवला तरी. मी ऑफिसातून सहाला येते, त्यामुळे माझ्या नोंदी संध्याकाळच्या. आईच्या सकाळ-दुपारच्या. दोन आठवड्यांत वही अशी दिसायला लागली:

'सोम. दु. १.५०. झोपवला. सूची "म"पर्यंत. सेव्ह केली आहे, दादाने नोंद घ्यावी.'

'सोम. ५.१०. उठवला. मेलेला. सूची जिवंत.'

'मंगळ. १.३०. झोपवला. २.३०. उठवला. ठणठणीत.'

'मंगळ. सं. ६.४०. उठवला, एक पत्र छापलं, झोपवला. वहीत लिहायला जास्त वेळ लागला.' ही माझी.

पंधराव्या दिवशी मामा वही मांडीवर घेऊन बसला आणि बोट फिरवत गेला. मंगळवारी कधीच नाही. गुरुवारी नाही. शनिवार-रविवार नाही. मरतो तो सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी, आणि तेही दुपारी.

मी म्हटलं, "मामा, कॉम्प्युटर स्वतःही एक डायरी ठेवतो. ती बघितलीस का?"

त्याला ते माहीत होतं, पण त्याचा भरवसा माणसांच्या वहीवर. मी ती नोंद उघडून दिली. सोमवार, तीन वाजून पाच मिनिटं: झोपेतून उठला. कशाने? कीबोर्डची कळ दाबल्याने. तीन वाजून सहा: बंद पडला. बुधवारी तीन दहा. शुक्रवारी पुन्हा तीन पाच. मागचे सगळे आठवडे तसेच.

मामाने आईकडे पाहिलं. "छोटे, त्या वेळी घरात कोण असतं?"

"कुणी नसतं," आई म्हणाली. "मी लायब्ररीत, ही ऑफिसात. घरात कुणीच नसतं."

बाबा तिच्यापासून चार हातांवर खुर्चीत बसले होते.

आई बोलून गेली आणि स्वयंपाकघरात चहा ठेवायला वळली. तिच्या काही लक्षात आलं नाही. मामाच्या आलं. त्याने टॉर्च पिशवीत ठेवला आणि बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते, बाहेर बघण्यासारखं काही नसताना. मामाने वही खिळ्याला परत टांगली. चहा झाल्यावर म्हणाला, बुधवारी येतो, पंखा साफ करायचाय.

पुढचं मला मामानेच सांगितलं, बऱ्याच दिवसांनी, मी त्याला खनपटीलाच बसले तेव्हा. तो सांगतो म्हणजे करूनच दाखवतो. टकटकसुद्धा.

बुधवारी तीन वाजून सात मिनिटांनी त्याने आईकडून घेतलेल्या किल्लीने दार उघडलं. बाबा कॉम्प्युटरसमोर बसले होते. कानांवर उच्चारबाईंचा हेडफोन, समोर निळाभोर पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. मामाला पाहून त्यांनी हेडफोन ओढून काढायचा प्रयत्न केला. एका हाताने तो निघेना. वायर खुर्चीत अडकली. बाबांचा चेहरा, मामा म्हणाला, चोरी करताना सापडलेल्या माणसाचा होता.

मामा एक पाऊल आत आला होता. त्याने ते मागे घेतलं, दार ओढून घेतलं आणि बाहेर दाराला लागूनच्या जिन्याच्या पायरीवर बसला. दारावर बोटाने टकटक केली.

"भाऊजी, मी आलोय. घाई काही नाही. मी इथेच बसलोय. एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. चालेल?"

आत खुर्ची सरकली. पावलं सावकाश दारापर्यंत आली. मग दाराच्या आतून, मामाच्या कानाच्या उंचीवर, एक टकटक.

"धडे करायला बसला होता?"

एक.

"रोज?"

दोन.

"छोटी लायब्ररीत जाते त्या दिवशी."

एक.

"ती चुका काढते म्हणून?"

मग एक, अगदी हलकी. नवऱ्याने बायकोची तक्रार सांगावी तशी.

"मी भाऊ आहे तिचा. माझ्या लहानपणी तर ती माझ्या शिव्यासुद्धा दुरुस्त करायची." आत काहीतरी हसल्यासारखं झालं. "हेडफोन लावता, कळ दाबता, आणि हा बंद पडतो. दर वेळी."

एक.

"बाकी कुणी उठवला तर पडत नाही. फक्त तुम्ही. म्हणून तुम्हाला वाटलं, आपल्या हातानेच बिघडतोय."

एक. ही जोरात होती, मामा सांगतो. दार हललं.

मामाने डोकं दाराला टेकवलं. "भाऊजी, मी वही टांगली. छोटीला सांगितलं लिही, पोरीला सांगितलं लिही. तुमच्या हाताला पेन धरवत नाही हे मला ठाऊक होतं. तरी पंधरा दिवसांत तुम्हाला एका शब्दाने विचारलं नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या परक्या माणसाला मी विचारतो, आणि तुम्हाला नाही. चूक माझी आहे."

आतून दोन टकटक आल्या. लागोपाठ, घाईने. आणि थोड्या वेळाने परत दोन.

मामा पायरीवरून उठला.

"बरं. मग आता आत घेता का? तो निळा पडदा मला माझ्या डोळ्यांनी बघायचाय. तीन आठवडे त्याच्यासाठी तळमळतोय."

दार उघडलं.

मामाने बाबांना सांगितलं, नेहमी करता तसंच करा, मला शिकवा. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाल्यावर मामाने आईची सूची उघडली; बाबांनी हेडफोन खोक्यात परत ठेवला आणि कॉम्प्युटर झोपवला. खणातून खोकं काढलं, डाव्या हाताने हेडफोनची वायर समोरच्या भोकात खोचली आणि कळ दाबली. पडदा उजळला, क्षणभर आईच्या सूचीचं पान दिसलं, आणि निळं. मामाने टाळीच वाजवली. बिघाड समोर दिसला की मेकॅनिकला जो आनंद होतो तो बाबांना कुठून माहीत असणार. ते दचकले.

"तुमचा हात नाही, भाऊजी. ही वायर." मामा खाली बसून दाखवायला लागला. "हा झोपला तेव्हा घरात चार जण होते. कीबोर्ड, माउस, पडदा, प्रिंटर. झोपेत तुम्ही पाचवा आणून बसवलात. हा उठतो, डोकी मोजतो, हिशेब लागत नाही, भांबावतो आणि पडतो. म्हातारा आहे हो. छोटी हेडफोन लावतच नाही, म्हणून तिच्यासमोर नीट उठतो. माझ्यासमोरही म्हणूनच."

मग त्याने हेडफोनची वायर मागच्या बाजूच्या भोकात लावली, जागेपणी, आणि कॉम्प्युटरला पाचव्या माणसाची ओळख करून दिली. त्याचा नवा प्रोग्रॅम घातला, सूची परत उघडली. झोपवला. बाबांना म्हणाला, दाबा. बाबांनी हात पुढे केला आणि थांबले. बाबांनी दाबली. पडदा उजळला, आईच्या सूचीत 'य' अर्धवट उभा होता, तसाच राहिला. पुन्हा झोपवला, पुन्हा बाबांनी उठवला. दहा वेळा. दहाव्यांदा त्यांनी मामाच्या सांगण्याची वाटही पाहिली नाही.

"छोटीला सांगू का?"

टेबलावर दोन टकटक.

"नाही सांगत. पण वहीत नोंद पाहिजे, त्यात सवलत नाही. माझ्या हाताखाली एक जण होता, त्याला लिहिता येत नसे. तो काम केलं की एक रेघ मारायचा. सगळ्यांना कळायचं रेघ कुणाची."

बाबांनी ती जाड पेन्सिल डाव्या मुठीत धरली आणि बुधवारच्या खाली रेघ मारली. ती पावसाच्या ओघळासारखी खाली गेली. मामाने हेडफोन टेबलाच्या कडेला, वहीशेजारच्या खिळ्याला अडकवला आणि आईला फोन करून सांगितलं की बिघाड सापडला, समोरचं भोक खराब आहे, ती मागची वायर कामाची आहे, कुणी काढायची नाही.

संध्याकाळी आई वहीत लिहायला गेली आणि रेघ बघून म्हणाली, दादाने पेन्सिल घासून पाहिलेली दिसते. शुक्रवारी दुसरी रेघ होती. शुक्रवारी मामा आलाच नव्हता. मी पाहिलं, आई वही हातात धरून उभी होती. तिने रेघेवरून बोट फिरवलं, मग खिळ्यावरच्या हेडफोनला हात लावला, कानाला लावायचा तो गोल भाग अंगठ्याने पुसल्यासारखं केलं. बाबा आतल्या खोलीत होते. मला वाटलं ती आत जाईल. ती गेली नाही. भाजी निवडायला बसली आणि एरवी रेडिओवरच्या निवेदकाचेही उच्चार सुधारणारी माझी आई त्या संध्याकाळी एक अक्षर बोलली नाही.

सोमवारी तिसरी रेघ आली. मंगळवारी वहीत ही नोंद होती: 'मंगळ. २.४५. झोपवला. चार वाजेपर्यंत मी बाहेर आहे. नक्की.'

मंगळवारी तिला लायब्ररी नसते. पुढच्या गुरुवारी मला अर्धा दिवस सुट्टी होती. साडेतीनला घरी येते तर आई इमारतीच्या खाली बाकावर बसलेली. मांडीवर सूचीचे कागद, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर चष्म्याचं घर.

"इथे काय करतेयस?"

"वर उकडतंय."

उकडत नव्हतं. तिने शाल घेतली होती. मी वर जायला निघाले तर तिने माझी ओढणी धरली.

"बस ना जरा. घाई काय आहे तुला?"

मी बसले. आमच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडी होती. इतक्या खालून काही ऐकू येणं शक्य नव्हतं. आई तरी मधूनच पेन थांबवायची आणि मान जराशी तिरकी करायची. तिचा ओठ हलल्यासारखा वाटला. एक अक्षर ओठांवर आलं असावं आणि तिने ते गिळलं.

रेघा वाढत गेल्या आणि हळूहळू सरळ झाल्या. कॉम्प्युटर एकदाही मेला नाही. आईने 'ज्ञ'पर्यंत जाऊन सूची संपवली. घरात मात्र बाबा अजून गप्पच होते. मामा यायचा, चपला गुपचूप काढायचा, वही बघायचा, मान डोलवायचा.

उच्चारबाईंकडे जायच्या दिवशी आईने तक्ता छापून घेतला. तीन आठवड्यांपुढे सतरा खुणा होत्या. बाईंनी साठवलेले आवाज एकेक करून ऐकले. आम्ही दाराबाहेर होतो. दार उघडल्यावर त्या म्हणाल्या की पहिल्या दिवशी पंचवीसपैकी तीन शब्द होते, आता अकरा आहेत, आणि चुकला तरी ते थांबत नाहीत, परत म्हणतात. मग त्यांनी आपली डायरी ओढली आणि पुढच्या महिन्याची तारीख विचारली. वेळ बाबांकडेच राहिली. आईने तारीख लिहून घेतली तेव्हा तिचं अक्षर तिचंच वाटत नव्हतं.

त्या संध्याकाळी मामा आला. नेहमीसारखा चपला काढायला वाकला.

टेबलावर टकटक झाली. एकच.

मामाने मान वर केली. बाबा त्याच्याकडे बघत होते. एक टकटक म्हणजे हो, पण प्रश्न तर कुणी विचारलाच नव्हता. बाबांनी पुन्हा एकदा टेबलावर बोट आपटलं आणि वाट पाहिली, खिडकीमागचा माणूस रांगेतल्या बावळटाकडे बघतो तशी.

मामाच्या हातात एक चप्पल तशीच राहिली. तो म्हणाला, "चौकशी. पुढची गाडी किती वाजता?"

बाबांनी तोंड उघडलं. ओठ जुळवले. "चार," ते म्हणाले.

लगेच मान हलवली. चार नव्हतं म्हणायचं. त्यांनी डोळे मिटले. माझ्याशेजारी आईने पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि दातात धरलं.

"ती," बाबा म्हणाले. थांबले. "तीन."

आईच्या दातातून पदर सुटला नाही.

मामाने चप्पल हळूच खाली ठेवली. "वेळेवर आहे का?"

बाबांनी टेबलावर टकटक केली. एक.